रखमाजी रंगाऱ्याची बंद खोली

नदीच्या काठाला एक पेठ होती. तिथल्या रंगाऱ्यांच्या आळीत रखमाजी नावाचा रंगारी राहत असे. काम फक्त निळीचं, पण असं की बघणाऱ्याने हातातलं सोडून बघत राहावं. त्याची निळी लुगडी नेसून बाया लग्नाला गेल्या की नवरीकडे कुणी बघत नाही, असं लोक गमतीने म्हणत. रखमाजीला मात्र त्यात गंमत वाटत नसे. त्याला ते खरंच वाटे.

निळीचं काम मोठं लहरी. रांजणात निळीबरोबर गूळ, चुना आणि टाकळ्याचं बी घालून ते आंबवायचं. रांजण झाकून ठेवायचा, कारण त्यात हवा शिरली की नीळ मरते, असं जुने रंगारी सांगत. त्यात कापड बुडवून बाहेर काढलं की ते निळं नसतंच मुळी, हिरवट-पिवळं दिसतं. मग ते अंगणात दोरीवर पसरायचं. बघता बघता ते निळं होत जातं. 'कापडाला हवा खाऊ द्या,' असं आळीतला जो तो म्हणे. हवेत प्राणवायू असतो आणि तो कापडातल्या निळीला मिळाला की रंग उमटतो, पक्का होतो, हे तेव्हा तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसून काही अडत नव्हतं. वारा आपलं काम न सांगता करत होता.

एकदा एक गिऱ्हाईक सहज बोलून गेलं, "समोरच्या मल्हारबाचा रंगही आता तुमच्याइतकाच गडद उतरायला लागलाय हं."

झालं! रखमाजीचं जेवणावरचं मन उडालं. मल्हारबा आपल्या अंगणात डोकावतो, आपली रीत चोरतो, असं त्याच्या मनाने घेतलं. मल्हारबा बिचारा रोज सकाळी स्वतःच्या अंगणात यायचा तो दात घासायला. पण संशय एकदा डोक्यात शिरला की समोरचा दात घासतानाही चोरच दिसतो.

नेमकं त्याच दिवसांत राजवाड्यातून लग्नाच्या लुगड्यांचं मोठं काम आलं. रंग साधला तर पेठेत नाव राहणार होतं, फसला तर तेच नाव जाणार होतं. रखमाजीने रांजण उचलून आतल्या खोलीत नेला. खिडक्या चिखलाने लिंपल्या. दाराला आतून जाड गोणपाट लावलं. कापड आता तिथेच बुडवायचं, तिथेच पिळायचं आणि तिथेच ढीग करून ठेवायचं.

त्याची बायको सगुणा म्हणाली, "आवं, कापडाला वारा नको का?"

"रांजण झाकला की नीळ टिकती ना?" रखमाजी म्हणाला. "मग खोली झाकली तर बिघडंल काय?"

ऐकायला बिनतोड होतं. चुकीच्या गोष्टी पुष्कळदा अशाच बिनतोड असतात.

पहिली लुगडी तयार झाली ती काठाला निळी आणि घडीच्या आत हिरवी. धुवायला नेली तर निम्मा रंग नदीने नेला. उरलेल्या कापडावर ढगासारखे डाग. रखमाजीने कपाळावर हात मारला, पण चूक स्वतःची असेल असं काही त्याला वाटलं नाही. थंडीने रांजण गारठला, असं त्याने ठरवलं आणि खोलीत कोळशाची मोठी शेगडी पेटवली. सगुणा आत बसून निखारे राखायची आणि कापड बुडवायची. रखमाजी बाहेरून कडी लावून, दाराला पाठ टेकून, ओट्यावर पहारा करायचा.

एका सकाळी तो असाच बसला असताना मल्हारबा अंगणात आला. मुलीचं लग्न ठरून सुपारी फुटणार होती, त्याचं आवतण घेऊन आला होता. आला तो ऐसपैस मांडी घालून बसला आणि तंबाखू मळू लागला.

तेवढ्यात आतून हळूच आवाज आला. "आवं, डोकं लई जड झालंय. दार उघडा की जरा."

रखमाजी दाराच्या फटीशी तोंड नेऊन कुजबुजला, "थांब थोडी. मल्हारबा बसलाय हितं. त्यो गेला की उघडतो."

मग मोठ्याने हसून तो मल्हारबाला म्हणाला, "हां, मग पाव्हणे कुठले म्हणालास?"

मल्हारबाने पाहुण्यांचं गाव सांगितलं, त्यांची शेती सांगितली, नवऱ्या मुलाच्या मामाचा स्वभावही सांगितला. रखमाजी मान हलवत होता. बंद खोलीतले निखारे तिथला प्राणवायू खात होते आणि बदल्यात विखारी वायू सोडत होते. जो वायू माणसाला जगवतो त्यावरच कोळसाही जळतो. खोलीत तो नव्याने यायला रखमाजीने वाटच ठेवली नव्हती.

"आवं..." पुन्हा आवाज आला. या वेळी अगदी बारीक.

"आलोच," रखमाजी म्हणाला आणि बसूनच राहिला.

मग काहीतरी धपकन पडलं.

रखमाजी ताडकन उठला. त्याने कडीला हात घातला आणि, सांगताना मलाही संताप येतो, तो थांबला. दार उघडलं की रांजण दिसणार, बी दिसणार, सगळं मल्हारबाच्या डोळ्यांपुढे येणार. क्षणभरच थांबला, पण थांबला. मग आत सगळं फारच शांत असल्याचं त्याला जाणवलं.

"मल्हारबा, धाव!" असं ओरडून त्याने कडी काढली आणि दार सताड उघडलं.

आतला दिवा मिणमिणत होता. सगुणा ओल्या कापडाच्या ढिगावर पडली होती आणि तिच्या मुठीत लुगड्याचा पदर घट्ट धरलेला होता. दोघांनी तिला उचलून अंगणात आणलं. ते लुगडं तिच्यामागे फरफटत आलं. मल्हारबा उपरण्याने वारा घालू लागला, रखमाजी तिचे तळवे चोळू लागला. "सगुणे, बोल गं, बोल," एवढंच त्याला म्हणता येत होतं.

बऱ्याच वेळाने तिने खोल श्वास घेतला. मग दुसरा घेतला. तिच्याभोवती पसरलेलं हिरवं लुगडं तोवर सकाळच्या वाऱ्यात निळंभोर होऊन गेलं होतं. रखमाजीने ते पाहिलं आणि आपण काय काय कोंडून ठेवलं होतं ते त्याला कळलं. तो रडू लागला.

"मल्हारबा, आता बघितलंसच सगळं," तो म्हणाला. "रांजण बघितलास, टाकळ्याचं बी बघितलंस. घे, तूही तसाच रंग कर."

मल्हारबा म्हणाला, "वहिनीचा श्वास चालतोय का ते बघत व्हतो मी. रांजण बघायला सवड कुणाला व्हती? आन् टाकळ्याचं बी तर आळीत समदेच घालत्यात, गड्या."

रखमाजीची मान खाली गेली. सगुणा भिंतीला टेकून बसली होती. ती दोन घोट पाणी प्यायली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"मी हाका मारत व्हते," ती म्हणाली, "तवा तुमी कुनाच्या पाव्हण्यांची चौकशी करत व्हता?"

रखमाजी उठला, त्याने पहार घेतली आणि खिडक्यांवरचा चिखल फोडू लागला. संध्याकाळी त्याने खोलीचं दारसुद्धा उतरवून ठेवलं.

तात्पर्य: संशयापायी जो घराची दारं लावून घेतो, त्याच्याकडून चोर अडवला जात नाही, आपल्याच माणसाचा श्वास मात्र अडतो. कला असो वा माया, मोकळी हवा मिळाली तरच ती जगते.