नवरदेवाने होडी डोक्यावर घेतली

डोंगराच्या अगदी माथ्याजवळ उभीवाडी नावाची एक वाडी होती आणि तिच्या दारातून खुळी नावाची नदी वाहायची. नदी कसली, डोंगरावरून पळत सुटलेलं पाणीच ते! पायथ्याच्या सखलगावापर्यंत तिला सात उड्या होत्या. कातळावरून पाणी धडाधड खाली कोसळायचं, आणि उभीवाडीचे लोक खुशाल त्यातून होड्या घालायचे.

त्यांची एक रीत होती. प्रत्येक उडीच्या आधी होडी काठाला लावायची, पांगाऱ्याची हलकी काठी पाण्यात सोडायची, आणि खालच्या डोहात ती वर येते का ते बघायचं. काठी आली तर होडी घालायची. नाही आली तर होडी मुकाट्याने डोक्यावर घ्यायची आणि काठाकाठाने चालत उतरायचं. यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

फक्त एका दिवशी ही रीत गुंडाळून ठेवायचे. लग्नाच्या दिवशी! उभीवाडीचा नवरदेव होडीतून सासरी जायचा आणि सातवी, सगळ्यात उंच उडी सासरच्या मंडळींसमोर घ्यायचा. तिथे काठी सोडायची नाही. सासरचे म्हणतील, नवरा भित्रा आहे! आता बोला. वर्षभर शहाणी असणारी माणसं नेमकी लग्नाच्या दिवशी वेडी व्हायची.

याच वाडीत नवसू नावाचा तरुण नावाडी राहायचा. सखलगावच्या लहानूबाबांच्या मुलीशी, चांगुणेशी, त्याचं लग्न ठरलं. चांगुणेचं नुसतं नाव निघालं तरी गडी कानापर्यंत लाल व्हायचा.

मार्गशीर्षातला मुहूर्त होता, भर दुपारचा. दोन दिवस आधी अवकाळी पाऊस कोसळला आणि खुळी तुडुंब भरली. तरी नवसू निघाला. अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या. पुढे वल्हं घेऊन तो, मागे वल्हं घेऊन त्याची ठकूआत्या. वऱ्हाड डोंगरवाटेने आधीच चालत गेलं होतं.

सहा उड्या झकास झाल्या. सहाही वेळा काठी डोहात वर आली आणि सहाही वेळा होडी सुखरूप खाली पडली. आत्या प्रत्येक वेळी "चांगभलं!" म्हणून ओरडायची. तिला तर नवऱ्यापेक्षा जास्त चेव चढला होता.

सातव्या उडीच्या माथ्यावर त्यांनी होडी काठाला लावली. खाली सगळं सखलगाव जमलं होतं. ताशे वाजत होते. नवसूचा हात सवयीने काठीकडे गेला आणि त्याने ती सोडूनही दिली.

"मेल्या, आज कशाला?" आत्या म्हणाली.

काठी कातळावरून खाली गेली ती गेलीच. नवसू डोहाकडे टक लावून बघत राहिला. काठी काही वर येईना. त्याने दुसरी सोडली. तीही आली नाही.

"आत्या, उतर."

"उतर? अरे, तुझा बाप इथूनच उडी घेऊन गेला, आजा गेला. आपल्या घरात आजवर कुणी उतरलं नाही!"

"खाली काय आहे ते कळत नाही, आत्या. उतर."

 नवसूला पाण्याची भीती होतीच, पण चांगुणा हातची जाईल ही भीती त्याहून मोठी होती. तरी त्याने होडी उचलली, डोक्यावर पालथी घातली आणि कातळाच्या कडेने उतरू लागला. आत्या दोन्ही वल्ही खांद्यावर टाकून मागून पुटपुटत येत होती.

खाली ताशे थांबले. मग एकच हशा पिकला. "अहो, नवरा बघा! होडीची टोपी घालून आला!"

चांगुणेचे मामा रावजी पुढे आले. मोठा तापट गृहस्थ. "उतरलेल्याला आमची मुलगी नाही!" ते गरजले. "आण ती होडी इकडे. साठी उलटली माझी, तरी मीच उडी घेऊन दाखवतो!"

नवसूने होडी खाली ठेवली आणि तिच्यावर बैठक मारली. "मामा, मुलगी देऊ नका हवं तर. पण होडी मी देणार नाही. तुम्हाला काही झालं तर तुमच्या घरच्यांना मी काय तोंड दाखवू?"

सगळे लहानूबाबांकडे बघू लागले. लहानूबाबा बिचारे एकदा मेहुण्याकडे बघत, एकदा मुलीकडे. भटजी सारखे सूर्याकडे बघत होते. मुहूर्त टळायला आला होता.

तेव्हा चांगुणाच पुढे आली. "बाबा, अंतरपाट धरा. मला हाच नवरा हवा."

"अगं, लोक हसतायत!" मामा ओरडले.

"हसू द्या. हसून हसून भूक लागली की जेवतील."

लहानूबाबांनाही हसू फुटलं. अंतरपाट धरला गेला, अक्षता पडल्या, पानं वाढली गेली. नवसूला इतका आनंद झाला की त्याला घास गिळवेना. रावजीमामा मात्र रुसून बसले. तीन पंगती उठल्या तरी ते पानावर आले नाहीत. चौथ्या पंगतीला आले, कारण बुंदी संपत आली होती.

चार दिवसांनी पाणी ओसरलं. सातव्या उडीच्या खाली, जिथे होडी पडायची बरोबर त्याच जागी, जांभळाचं एक अख्खं झाड कातळात अडकलेलं दिसलं. त्याच्या तुटक्या फांद्यांची टोकं सरळ वर रोखलेली होती.  ते बघून मामा धापा टाकत तडक उभीवाडी चढून आले.

"पोरी, खाली अख्खं झाड होतं गं! मी उडी घेतली असती तर आज तुझी मामी रडत बसली असती. पण मला एक सांग, जावईबापूंना एवढ्या वरून ते झाड दिसलं कसं?"

चांगुणा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "त्यांना कुठे दिसलं, मामा? दिसलं नाही, म्हणूनच तर ते उतरले."

तात्पर्य: पुढे काय आहे ते कळत नसेल, तर चारचौघांत पायउतार व्हायला लाजू नये. हसणारे काठावर असतात. पाण्यात पडायचं असतं आपल्याला.