लिंपलेल्या ढोल्या

टिटवीनं आपली नेहमीची घाबरी हाक दिली आणि ढोलीतल्या तांबटानं फटीतून चोचही बाहेर काढली नाही, तेव्हा काहीतरी चुकतंय असं तिला पहिल्यांदा वाटलं.

पक्ष्यांच्या त्या राज्यात शिकायचं म्हणजे ढोलीत बसायचं. पण पूर्वी ढोली मिळण्याआधी साऱ्या पिल्लांना एक ऋतू उघड्या माळावर एकत्र काढावा लागे. तिथं पोपटानंही वारा ओळखायचा, सुतारपक्ष्यानंही पाणी पारखायचं, आणि प्रत्येकानं इतरांची बोली थोडी तरी शिकायची. पिल्लं कुरकुरत. फळांतलं शिकायला आलो, वाऱ्याशी आमचं काय काम? टिटवी त्या माळावरच्या शेवटच्या तुकडीतली. तीही कुरकुरली होतीच.

मग धनेश पक्षी कुलगुरू झाले. ढोलीचं तोंड चिखलानं लिंपायचं आणि चोचीपुरती फट ठेवायची, ही त्यांच्या घराण्याची रीत. त्यांनी माळावरचा ऋतू रद्द केला. आता आल्या आल्या ज्याला त्याला आपापल्या ढोलीत लिंपत, आणि फटीतून निवडलेल्या विषयाचाच घास देत. सगळे खूश झाले. जमिनीवर राहणाऱ्या टिटवीच्या मापाची ढोली नव्हती, म्हणून ती तेवढी बाहेर राहिली.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी माळाच्या टोकाला गवत पेटलं.

टिटवी जीव तोडून ओरडली. ढोल्यांमध्ये तो नुसता गोंगाट पोचला. तिला उडून जाता आलं असतं. तिच्यापुढं भिंत नव्हती. पण ती ढोल्यांच्या झाडाकडेच वळली. फांदीवर तिचे पाय ठरत नाहीत. ती फटीसमोर पंख फडफडवत राहिली आणि आठवेल तशा मोडक्या पोपटी बोलीत म्हणाली, "आग. बाहेर ये."

"ताई, आग आमच्या विषयात नाही," आतून पोपट म्हणाला. "आणि हे असलं बोलायला शिकवलं कुणी तुला? माझी भूकच मेली."

तांबटाच्या बोलीत सांगितलं, तर तो हसला. "तू काय, पान हललं तरी ओरडतेस."

धूर बुंध्यापर्यंत आला. आता सुतारपक्ष्याची ढोली उरली. त्याच्या बोलीत बोलणं म्हणजे लाकडावर ठोकणं, आणि तिची चोच त्यासाठी घडलेलीच नव्हती. तिनं ठोकलं. चुकलं. पुन्हा ठोकलं. चोच सोलवटली, तरी ती थांबली नाही.

आतली हालचाल एकदम बंद झाली.

"वारा कुणीकडून आहे?" सुतारपक्ष्यानं विचारलं.

"तुमच्याकडेच येतोय."

लगेच आतून ठकठक सुरू झाली. पण समोरच्या चिखलाचा कणही हलेना. टिटवीनं कान देऊन ऐकलं. तो आधी पोपटापर्यंत पोचायला आतल्या आत, त्याच्या ढोलीकडचं लाकूड फोडत होता.