शेकरूबाई आणि वर न येणारी फांदी

डोंगराच्या कुशीतल्या एका दाट रानात, खोल घळीच्या अलीकडच्या काठाला, एक शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे झाडावरची मोठी खार. तांबूस पाठ, पिवळसर पोट आणि अंगापेक्षा लांब शेपूट. हे शेकरू मादी होते, एका लेकीची आई होते, म्हणून आपण तिला शेकरूबाई म्हणू.

शेकरूबाई पूर्वी चांगली चपळ होती. मग लेक मोठी झाली, तिने दुसऱ्या झाडावर आपले घरटे बांधले, आणि शेकरूबाईचे घरटे रिकामे झाले. तेव्हापासून ती खाऊ लागली. जवळच रानदेवीचे ठाणे होते. गावातली माणसे नवस फेडायला येत आणि शेंदूर लावलेल्या दगडापुढे नारळ, गूळ, पुरणपोळ्या ठेवून जात. शेकरूबाई खाली उतरायची आणि खायची. भूक लागली म्हणून नव्हे, मुलांनो. तोंड हलत असले की घर रिकामे वाटत नाही, एवढ्यासाठी. असले खाणे पोटात जाते, पण जिथे खरे रिकामे झालेले असते तिथे पोचत नाही. म्हणून ते संपतही नाही.

ठाण्यावर एक कावळा असे. तो तिला रोज म्हणे, "या शेकरूबाई, बसा. आज पोळी आहे." फार गोड बोले. नारळ फोडायला त्याची चोच पुरत नसे, तिचे दात लागत. गोडी होती ती तेवढीच.

दर वर्षी थंडी सरली की अलीकडची सगळी शेकरे घळ ओलांडून पलीकडच्या रानात जात. तिकडे उन्हाळाभर झरा वाहतो, झाडे हिरवी राहतात. जायला वाट एकच होती. काठावरच्या रायवळ आंब्याची एक लांब फांदी घळीवर पुढे गेली होती. तिच्या टोकावरून उडी मारायची, ती थेट पलीकडच्या हिरड्यावर.

त्या वर्षी शेकरूबाई सगळ्यांच्या मागून निघाली. ती टोकाशी गेली आणि फांदी वाकली. वाकतच गेली. पलीकडचा कडा तिच्या नाकासमोरून वर वर सरकू लागला. आधी दगडफुलाचा पांढरा डाग गेला, मग नेच्याचा हिरवा झुपका गेला, आणि शेवटी कड्यातली काळी भेग समोर आली तेव्हा फांदी थांबली. हिरडा आता डोक्याच्या खूप वर होता. तिथून उडी घेतली असती तर ती कड्यावर आपटून सरळ घळीत गेली असती.

पलीकडे कोणीतरी हसले. "देवीचा प्रसाद जड झाला वाटतं."

लेक हसली नाही. तिचे पहिले बाळंतपण त्याच उन्हाळ्यात व्हायचे होते, आणि पहिले बाळंतपण आईने करायचे असते, रानातही.

"आई, आता गं?"

"तू पुढे जा. सावलीत घरटं बांध. मी येते."

"कधी?"

"ही फांदी दगडफुलासमोर राहिली की येते."

"पावसाच्या आत ये. साल ओली झाली की पाय धरत नाही." लेक पुढे म्हणाली, "मी रोज तिन्हीसांजेला हाक देईन. तू उत्तर देत जा. उत्तर आलं की मी समजेन, तू येणार आहेस."

सगळी निघून गेली. अलीकडे शेकरूबाई एकटी उरली.

जाड असणे हे पाप नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. अस्वल जाड असते आणि खुशाल असते. पण शेकरूबाईला पलीकडे जायचे होते, आणि फांदी कोणाचे ऐकत नाही. तिने ठाण्याकडे जाणे बंद केले. कोवळी पालवी, साल, एखादी बी, एवढ्यावर ती राहू लागली. दिवसभर या झाडावरून त्या झाडावर जायची, दम लागला की थांबायची, पुन्हा जायची. आणि रोज सकाळी काही खाण्याआधी फांदीच्या टोकाला जाऊन बसायची आणि नाकासमोर काय येते ते बघायची.

फांदी हळूहळू वर आली. भेग खाली राहिली, नेच्याचे सगळ्यात खालचे पान दिसले. पुढे एके सकाळी झुपक्याचा मध्य दिसला. तिला फार आनंद झाला आणि तो सांगायला जवळ कोणी नव्हते. लेकीचे घरटे आत, लांब होते. तिथवर शब्द पोचत नसत, हाक तेवढी पोचे. तिन्हीसांजेला पलीकडून "टर्रर्र" ऐकू येई आणि ती "टर्रर्र" करून उत्तर देई. मग पुन्हा रान गप्प.

कावळा फांदीवर येऊन बसे. "कोणासाठी चाललंय एवढं? इथे बघायला चिटपाखरू नाही."

"तू काय आहेस मग?"

"माझं सोडा. ताजा नारळ आलाय. फोडायला तरी या. खाऊ नका हवं तर."

"चोच दिली आहे ना देवानं? ती चालव."

एकट्याने नेम पाळणे फार अवघड, मुलांनो. चार जण बरोबर असले की लाजेने तरी पाळला जातो. एकटे असताना चोरून खाल्ले तर कोण पकडणार? पण ती चोरी आपल्याच घरातली असते, हे शेकरूबाईला कळत होते. ती गेली नाही.

चैत्र लागला. आंब्याला कैऱ्या धरल्या. शेकरूबाईला कैरी भारी आवडे. पण एकदा तोंडाला चटक लागली की आपण थांबत नाही, हे तिला स्वतःबद्दल ठाऊक होते. म्हणून तिने ठरवले की कैरीकडे बघायचेच नाही. ती मान खाली घालून फांदीवर जाई, टोकाला बसे, समोरच्या कड्याकडे बघे आणि मान खाली घालून परत येई.

आणि फांदी वर यायची थांबली.

तिने पालवी कमी केली. फांदी तिथेच. तिने झाडे जास्त फिरायला सुरुवात केली. फांदी उलट खाली गेली. नेच्याचा मध्य होता तिथे पुन्हा खालचे पान आले. वैशाखाच्या उन्हात ती भुकेने कासावीस होऊन टोकाशी बसली, तेव्हा नाकासमोर काय आले असेल? काळी भेग.

तुम्हाला कळले असेल. तिला कळले नाही. हसू नका. डोक्यावर घोसाघोसाने आंबे लोंबत होते, दिवसागणिक भरत होते, फांदी त्यांच्या भाराने वाकत होती. आणि हिने लोभाच्या भीतीने वर बघणेच सोडले होते. दुसऱ्याही खुणा होत्या. घरट्याच्या दाराला पूर्वी तिच्या दोन्ही कुशी घासत, आता घासत नसत. उंच सागाच्या शेंड्याला जाताना मध्ये बसावे लागे, आता लागत नसे. हे रोज घडत होते, पण ते तिने मोजले नाही. तिला एक फांदीच खरी वाटली.

"म्हणजे मी होते तिथेच आहे," ती म्हणाली, आणि तशीच उठून ठाण्याकडे गेली.

कावळ्याने लगेच जागा करून दिली. "या. मी काय म्हणत होतो? काहींचं अंगच तसं असतं. त्याला आपण काय करणार?" आणि नारळ तिच्याकडे ढकलला.

ती खात बसली. तिन्हीसांज झाली. पलीकडून हाक आली, "टर्रर्र". शेकरूबाईच्या तोंडात खोबरे होते. आणि खोबरे नसते तरी ती काय सांगणार होती? येते म्हणून सांगायचे, तर ती येत नव्हती. ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशीही गप्प राहिली. हाक येत राहिली, पहिल्यापेक्षा लांबवून, मध्ये मध्ये थांबून, कोणी कान देऊन ऐकत असल्यासारखी.

मग एका संध्याकाळी हाक आली नाही.

शेकरूबाईने खाणे थांबवले. वारा पडला असेल, उद्या येईल, असे ती म्हणाली. उद्याही आली नाही. कावळा म्हणाला, "बरं झालं. रोजची कटकट गेली." तेव्हा शेकरूबाईने त्याच्याकडे असे बघितले की तो दोन उड्या मागे सरकला.

ती आंब्याकडे धावली. वजन बघायला नव्हे. टोकाशी जाऊन कान लावला तर काही ऐकू येईल, म्हणून. त्याच दिवशी सकाळी वानरांचा कळप त्या झाडावर येऊन धुडगूस घालून गेला होता. खाली पालापाचोळ्यात कोयी आणि अर्धवट खाल्लेले आंबे पडले होते. शेकरूबाई फांदीवर गेली, टोकाशी बसली, कान टवकारले. काही ऐकू आले नाही. पण नाकासमोर नेच्याचा शेंडा होता.

ती चपापली. इतके दिवस प्रसाद खाऊनही नेच्याचा शेंडा? तिने पहिल्यांदा मान वर केली. नुसते देठ लोंबत होते.

ती खूप वेळ तशीच बसून राहिली. आपण हलके होत होतो. रोज होत होतो. आंबे जड होत होते, आणि त्यांचा भार आपण आपल्या माथी मारला. आपण ठाण्यावर गेलो नसतो, तर आज इथे दगडफूल असते. आज उडी मारता आली असती. आणि आपण उत्तर देत राहिलो असतो, तर लेक अजून हाक देत असती.

ती रडली नाही. रडायला कोणी समोर असावे लागते. तिने कड्याकडे तोंड करून जोराने हाक दिली, "टर्रर्र". उत्तर आले नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने नेम पुन्हा धरला. या वेळी उपाशी राहिली नाही. वानरांनी टाकलेल्यातला एक आंबा तिने सावकाश खाल्ला आणि तोंड पुसले, आणि काही आभाळ कोसळले नाही. फांदीवर जाताना ती आधी वर बघे, फांदीवर आपल्याशिवाय आणखी काय आहे ते. सागाच्या शेंड्याला जाताना कुठे दम लागतो ते बघे. घरट्याच्या दारातून जाताना कूस घासते का ते बघे. एक खूण रुसली तर दुसरीला विचारायची, असे तिने ठरवले. आणि रोज तिन्हीसांजेला ती हाक देई. पलीकडे शांत. तरी देई.

कावळ्याला राहवले नाही. "तिकडे कोणी नाही, शेकरूबाई. कोणाला ओरडता?"

"कोणी नसेल तर नसेल. इकडे मी आहे ना?"

"नारळ पडून आहे."

"पडू दे."

डोंगरावर ढग जमू लागले. वाऱ्याला ओलसर वास येऊ लागला. ज्या सकाळी ती टोकाशी बसली आणि समोर पांढरे दगडफूल आले, त्या सकाळी शाबास म्हणायला कोणी नव्हते. तिने एकदा वर बघितले, एकदा खाली बघितले, आणि उडी मारली.

हिरड्याची डहाळी तिच्या हाताला लागली, वाकली, आणि धरून राहिली.

लेकीचे घरटे तिने शोधून काढले. ते रिकामे होते. पाने वाळून चुरा झाली होती. शेकरूबाई त्याच्या बाजूला बसली. कुठे जावे ते तिला कळेना. उन्हे कलली, तिन्हीसांज झाली, आणि सवयीने तिच्या तोंडून हाक निघाली, "टर्रर्र".

डोंगराच्या सोंडेपलीकडून, खूप लांबून, उत्तर आले.

अंधार पडायच्या आत लेक आली. अंगाने वाळली होती. तिने आईकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. "बारीक झालीस."

"तू हाक का बंद केलीस?"

"तू आधी बंद केलीस. मला वाटलं तू गेलीस. मग इथे राहवेना, म्हणून आत गेले."

शेकरूबाई लेकीच्या जवळ सरकली. मग तिने विचारले, "बाळंतपण झालं?"

"झालं. माझं मीच केलं."

लेकीने तिला नव्या घरट्यापाशी नेले. दार अरुंद होते. शेकरूबाई त्यातून सहज आत गेली. आत एक पिल्लू होते, नुकते डोळे उघडलेले. तिने त्याच्याभोवती आपली शेपूट गुंडाळली आणि बसली.

"कधीपासून पोटभर खाल्लं नाहीस?" तिने लेकीला विचारले.

लेकीने पिल्लाकडे बघितले.

"जा, खाऊन ये. सावकाश खा. मी बसते इथे."

तात्पर्य : माप पुढे सरकत नसेल तर स्वतःला बोल लावण्याआधी मापावर दुसरे काय बसले आहे ते मान वर करून बघावे, आणि एका मापावर भरवसा ठेवून बसू नये. आणि नेम मोडला तरी हाकेला ओ देणे मोडू नये. नेम पुन्हा धरता येतो, पण आपण गप्प बसलो ते दिवस कोणी परत आणून देत नाही.