हरिभाऊ पाया पडायला आले
करंजखेडची पोटनिवडणूक लागली, तेव्हा मुंबईतलं सरकार एका आमदारावर अडलं होतं. जागा जिंकली तर बहुमत, गेली तर सगळे मंत्री घरी. लढत अटीतटीची होती, म्हणून आरोग्यमंत्री हरिभाऊ सरनोबत स्वतः गावात आले आणि थेट भागाबाई ठोंबऱ्यांच्या दारात उभे राहिले. भागाबाई म्हणतील तिकडे निम्मं गाव मत टाकतं, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

भागाबाईंना मात्र वेगळंच आठवत होतं. गावच्या दवाखान्याला डॉक्टर द्या म्हणून त्या मंत्रालयात गेल्या होत्या, तेव्हा याच हरिभाऊंनी त्यांना दिवसभर बसवून न भेटताच परत पाठवलं होतं. डॉक्टर अजून आला नव्हता.

फोटोवाले सरसावले. "आई, तुमचे पाय धरतो. सरकार आता तुमच्याच हातात आहे," म्हणत हरिभाऊ वाकले.

भागाबाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"नको हरिभाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही अडलाय, हे साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. त्यात नावही तुमचं हरी. आता माझे पाय धरलेत, तर मी कोण ठरेन?"

क्षणभर कोणाला उमगलं नाही. मग गर्दीतला एक म्हातारा पुटपुटला, "अडला हरी, गाढवाचे पाय धरी," आणि सारं अंगण खदखदून हसलं. हरिभाऊ वाकलेलेच राहिले आणि फोटोही तेवढाच निघाला.

संध्याकाळी विरोधी पक्षाचा उमेदवार आला. त्याने लांबूनच हात जोडले आणि आधी दवाखाना कुठे आहे ते विचारलं.