दारातली फळी

शाळांच्या संगणकांसाठी कंपनी नवी ऑपरेटिंग सिस्टिम तयार करत होती. तिथे काम करणाऱ्या शर्वाणीने त्या सिस्टिममध्ये नेटवर्कचं सेटिंग बदलायची सोय दिली, पण पासवर्ड लावून. तो फक्त शिक्षकांकडे, मुलांच्या हातून चुकून नेटवर्क बंद पडू नये म्हणून. मालक कर्णिकसाहेबांनी तिला घरी बोलावून फर्मावलं, "पासवर्ड म्हणजे मुलांवर अविश्वास! एक तर सोय उघडी ठेव, नाहीतर काढूनच टाक."

शर्वाणी निघायला उठली. दारात गुडघ्याएवढी आडवी फळी लावलेली होती. पलीकडे जिना, अलीकडे साहेबांची रांगती नात.

"साहेब, हा नातीवर अविश्वास का?"

"छे गं! पडेल ना ती."

"मग दारच का नाही बुजवलं?"

"आम्ही जायचं कुठून?"

"माझा पासवर्डही एवढाच उंच आहे, साहेब."

साहेबांनी नातीला उचलून कडेवर घेतलं. "तुझीही फळी राहू दे," ते हळूच म्हणाले.