उरलेली पासष्ट

शांतवन साळव्यांना वाचनाचं वेड इतकं, की भेळ कावळ्यांना घालून ते तिचा कागद वाचत बसत. एकदा ट्रकच्या पाठीवरची ओळ पुरी करायला सायकल हाणत ते राहुरीहून थेट नाशकात पोचले. अशा माणसाने चर्चच्या वडीलपदासाठी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांत बसण्यासाठी, नाव दिलं. मुलाखत घ्यायला बसले चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, आणि या पंचांतले थोरले वडील भिंगारदिवे.

"साळवे, या महिन्यात काय वाचलंत?" भिंगारदिव्यांनी विचारलं.

"शेळ्यांचे रोग, पंचांग आणि लोणच्यांचे शंभर प्रकार."

"वडील व्हायचंय की खानावळ काढायचीय? मला बघा. चाळीस वर्षं वडील आहे, पण बायबल सोडून कशाला हात लावला नाही. जन्मात एकच पुस्तक वाचलं. पाळकसाहेब, खोडा यांचं नाव."

पाळकांनी पेन उचललं.

"खुशाल खोडा," साळवे अदबीने म्हणाले. "फक्त एक शंका होती, वडील. बायबल म्हणजे एका पुठ्ठ्यात बांधलेली सहासष्ट पुस्तकं. त्यातलं आपण वाचलेलं एक कुठलं?"

भिंगारदिवे अनुक्रमणिका उघडून बोटं मोजू लागले. ते जुना करार ओलांडेपर्यंत पाळकांनी साळव्यांचं नाव पक्कं केलं आणि लोणच्यांचं पुस्तक वाचायला मागून घेतलं.