फेस येईना, तीळ मिळेना

कान इकडं करा. बोटं तोंडातून काढा. हं, आता ऐका.

एक होती मुंगी. काळी. एवढीश्शी. तिचं नाव ठकी. ठकीला सात पोरं. सातही भुकेली. बिळाच्या दारात बसून एकच गाणं, "आई, खाऊ! आई, खाऊ!"

ठकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. स्वयंपाकघरात तिला मिळाला एक तीळ. पांढरा. टपोरा. ठकी म्हणाली, "चला! एक तीळ सातांत वाटून खाऊ."

तीळ घेतला डोक्यावर. ठकी ओसरीच्या खांबावरून चालली. तुरुतुरु, तुरुतुरु.

खांबाला टेकून कोण बसलं होतं? तात्या! तात्यांची दाढी महिन्याची. पांढरी. दाट. तात्यांनी डबी उघडली. तपकिरीची चिमूट घेतली. नाकात ओढली. आणि मग,

आऽऽक् छी!

खांब हलला. ठकी लोंबकळली. तीळ उडाला. टप्! पडला तात्यांच्या दाढीत.

पांढरी दाढी, पांढरा तीळ. आता शोधायचा कुठं?

ठकी दाढीत शिरली. इकडं केस, तिकडं केस. वर केस, खाली केस. आणि तपकिरीचा वास! ठकी ठसकली. खोकत खोकत बाहेर आली. तीळ काही मिळाला नाही.

तात्यांची बायको येसूकाकू. ती तिथंच तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अहो, दाढी आहे का केरसुणी? आता मुंग्याही राहायला आल्या!"

"राहू दे," तात्या म्हणाले. "जागा पुष्कळ आहे."

ठकी तात्यांच्या गुडघ्यावर चढली. कमरेवर हात ठेवले. म्हणाली,

"तात्या, तात्या, दाढी करा.
दाढी तीळ सोडेना,
माझ्या सात पोरांना घास मिळेना!"

तात्या हसले. पोट हलवून हसले. "तीळ तो केवढा! मुंगी ती केवढी! तेवढ्यासाठी मी दाढी करू? जा त्या वस्तऱ्याकडं. वस्तरा चालेना, तर मी गाल देईना!"

ठकीनं नाक मुरडलं. "वा तात्या! शिंकायचं तुम्ही, आणि उपाशी राहायचं आम्ही!"

आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

कोनाड्यात होता वस्तरा. लखलख, लखलख. ठकी म्हणाली,

"वस्तरेदादा, वस्तरेदादा, चाला ना.
तात्या गाल देईना,
दाढी तीळ सोडेना,
माझ्या सात पोरांना घास मिळेना!"

वस्तरा म्हणाला, "कोण बोललं? मला तर कुणी दिसत नाही. अच्छा, हा ठिपका बोलतोय होय! अगं ठिपक्या, कोरड्या गालावर मी चालू? मी काय विळी आहे? आधी फेस पाहिजे. जा त्या ब्रशकडं. ब्रश घुमेना, तर मी चालेना!"

ठकीनं नाक मुरडलं. "नुसताच चकाकतोस! नाव मोठं, लक्षण खोटं!"

आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

खुंटीवर टांगला होता ब्रश. केस ताठ. मान ताठ. ठकी म्हणाली,

"ब्रशभाऊ, ब्रशभाऊ, घुमा ना.
वस्तरा चालेना,
तात्या गाल देईना,
दाढी तीळ सोडेना,
माझ्या सात पोरांना घास मिळेना!"

ब्रश म्हणाला, "घुमू? कशावर घुमू? तो साबण बघितलास का? दगड आहे दगड! त्याच्यावर घासून माझे केस गळायचे. मग मला टकल्या म्हणणार कोण? तूच! साबण भिजेना, तर मी घुमेना!"

ठकीनं नाक मुरडलं. "हो का? नाचता येईना, अंगण वाकडं!"

आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

पितळी वाटीत बसला होता साबण. दाढीचा साबण तो. गोल. जुना. टण्णक. टिचकी मारली तर टक्क वाजेल असा. ठकी म्हणाली,

"साबणराव, साबणराव, भिजा ना.
ब्रश घुमेना,
वस्तरा चालेना,
तात्या गाल देईना,
दाढी तीळ सोडेना,
माझ्या सात पोरांना घास मिळेना!"

साबणानं एक डोळा उघडला. "मी हात धुवायचा साबण नाही, समजलीस? शिंपडलं पाणी, आला फेस, असला हलका माल आम्ही नाही. गार पाण्याला तर मी भीकच घालत नाही. पाणी तापेना, तर मी भिजेना!"

ठकीनं नाक मुरडलं. "एखाद्या दगडाला पाझर फुटेल. तुला काही फेस फुटायचा नाही!"

आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

तपेलीत होतं पाणी. डुबुक डुबुक. ठकी काठावर चढली. खाली वाकली. म्हणाली,

"पाणीबाई, पाणीबाई, तापा ना.
साबण भिजेना,
ब्रश घुमेना,
वस्तरा चालेना,
तात्या गाल देईना,
दाढी तीळ सोडेना,
माझ्या सात पोरांना घास मिळेना!"

पाणी खळखळून हसलं. "अगंबाई! काठावरून बोलतेस होय? आत पड, म्हणजे कळेल मी कोण ते! गारच बरी मी. कुणाच्या दाढीसाठी चटके का खाऊ? चूल पेटेना, तर मी तापेना!"

ठकीनं नाक मुरडलं. "उथळ पाण्याला खळखळाट फार!"

आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

चूल होती कोपऱ्यात, तपेलीच्या खालीच. पोटात काटक्या, तोंडात राख. ठकी म्हणाली,

"चूलमावशी, चूलमावशी, पेटा ना.
पाणी तापेना,
साबण भिजेना,
ब्रश घुमेना,
वस्तरा चालेना,
तात्या गाल देईना,
दाढी तीळ सोडेना,
माझ्या सात पोरांना घास मिळेना!"

चूल म्हणाली, "हळू बोल गं! माझ्या तोंडाशी मनी झोपलीय. राख ऊबदार आहे ना. मनी म्हणजे वाघाची मावशी! तिला कोण उठवणार? मनी उठेना, तर मी पेटेना!"

ठकीनं नाक मुरडलं. "घरोघरी मातीच्याच चुली. तुझाच तोरा एवढा कशाला?"

आणि निघाली. लांब नाही. दोन पावलं. तुरु, तुरु.

राखेत झोपली होती मनी. घुर्रर्र, घुर्रर्र. ठकी मनीच्या मिशीवर चढली. म्हणाली,

"मनीआत्या, मनीआत्या, उठा ना.
चूल पेटेना,
पाणी तापेना,
साबण भिजेना,
ब्रश घुमेना,
वस्तरा चालेना,
तात्या गाल देईना,
दाढी तीळ सोडेना,
माझ्या सात पोरांना घास मिळेना!"

मनीनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. "उंदीर असतीस तर उठले असते. मुंगीसाठी कोण उठतं? तुझी पोरं उपाशी, तर मी काय करू? राहू देत उपाशी." आणि पुन्हा, घुर्रर्र.

आता मात्र ठकीनं नाक मुरडलं नाही. पोरांना राहू देत उपाशी म्हणते काय!

ठकी मनीच्या नाकाच्या शेंड्यावर गेली. पाय रोवले. तोंड उघडलं. आणि,

कडाक्!

"म्याँऽऽव!" मनी उडाली हातभर. शेपूट फुगली. पाय झाडले. राख उडाली. मनी पळाली दाराबाहेर. वाघाची मावशी म्हणे! मुंगी चावली आणि धूम पळाली!

राखेत होता एक निखारा. मनीनं पाय झाडले, निखाऱ्याला वारा लागला. फूऽऽ! निखारा लाल झाला. काटकीला लागला.

मनी उठली,
चूल पेटली. भक्क!
पाणी तापलं. सूंऽऽ!

आता झालं काम, असं ठकीला वाटलं. तुम्हालाही वाटलं ना? कसलं काय!

पाणी तापलं आणि शहाणपण विसरलं. "आले, आले!" म्हणत सगळंच्या सगळं वाटीत. धबाधबा, धबाधबा! साबण बुडाला. ब्रशनं मारली उडी. घाईघाईनं घुमला. गरगर, गरगर! पाणी भिंतीवर. पाणी थेट ओसरीवर, काकूच्या तांदळात. आणि वाटीत काय? बुडबुडे! मोठाले, पोकळ. फुट्टूक, फुट्टूक, फुट्टूक. फुटले आणि संपले.

वस्तऱ्यानं वाकून बघितलं. "याला फेस म्हणतात? ही तर ताकाची निवळ!"

"मी म्हणालो नव्हतो? साबणच वाईट," ब्रश म्हणाला.

"ब्रशच आडदांड," साबण म्हणाला.

"मी आपली गारच बरी होते," पाणी म्हणालं.

तात्या ओसरीवरून ओरडले, "आलं का काही? नाही ना? मला वाटलंच! मुंगीच्या नादी लागलं की असंच व्हायचं."

तिकडं दारात सात पोरं रडायला लागली. आता "आई, खाऊ" नाही. नुसतं "आई, आई."

ठकी वाटीच्या काठावर चढली. असली ओरडली, असली ओरडली, की वस्तरासुद्धा गप्प झाला.

"एवढाले मोठे झालात आणि एक फेस येत नाही? आम्ही मुंग्या कणाकणानं घर बांधतो. तुमच्यासारखी घाई केली असती, तर उघड्यावर झोपलो असतो! आता मी सांगेन तसं करायचं. पाणीबाई, मागं व्हा. पार मागं!"

पाणी मागं झालं.

"साबणराव, अंगावर चार थेंब ठेवा. आणि गप भिजत पडा. मी सात पोरांची नावं घेते तोवर हलायचं नाही."

ठकीनं नावं घेतली. "गोदी, भागी, रखमा, सखू, तुका, बाळा, आणि शेंडेफळ चिंगी." साबण वरून मऊ झाला.

"ब्रशभाऊ, अंग झटका. अजून झटका. गळतंय ते पाणी! हं. आता घुमा. हळू! लग्नाची वरात नाही ही!"

ब्रश घुमला. घुम घुम, घुम घुम. साबणावर आली चिकट खळ.

"पाणीबाई, एक थेंब. एकच! माझ्या डोक्याएवढा."

टिप्. घुम घुम, घुम घुम. खळीची झाली साय.

"अजून एक थेंब."

टिप्. घुम घुम, घुम घुम. सायीचं झालं लोणी. फस्, फस्, फस्! फेस वर आला. वाटी भरली. पांढरा, दाट, गुबगुबीत. ब्रश वर उचलला, तर फेसाला शेंडी आली. शेंडी उभीच राहिली! वाकली नाही की पडली नाही.

साबण बघतच राहिला. "हा माझाच फेस?"

"नाहीतर काय माझा?" ठकी म्हणाली. "आता बघत बसू नका. चला!"

साबण भिजला,
ब्रश घुमला. ओसरीवर गेला. तात्यांच्या दाढीवर फिरला. गुदुगुदु, गुदुगुदु!
वस्तरा चालला. सर्र, सर्र!
तात्यांनी गाल दिला. हा गाल, मग तो गाल.

फेस उतरला. दाढी उतरली. तात्यांच्या मांडीवर पंचा होता. त्यावर पडलं काहीतरी. टप्!

तात्या म्हणाले, "हा कसला कण?" आणि टिचकी मारायला बोट उचललं.

"बोट खाली!" ठकी ओरडली. "तो माझा तीळ!"

बोट खाली आलं.

येसूकाकूनं तांदूळ बाजूला ठेवले. तात्यांकडं बघितलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. "अगंबाई! हनुवटी आहे होय तुम्हाला!"

तात्या लाजले. गाल चोळत म्हणाले, "एवढ्याशा तिळासाठी, ठके, केवढा हा खटाटोप!"

ठकीनं तीळ डोक्यावर घेतला. म्हणाली, "खटाटोप तुमचा, तात्या. तुम्ही नुसती दाढी झटकली असती, तर तीळ तेव्हाच पडला असता."

तात्यांनी झटकायला हात नेला, तर दाढीच नाही!

ठकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. दारात सात पोरं. ठकीनं तिळाचे केले सात तुकडे. एक तुकडा गोदीला. एक भागीला. एक रखमाला. एक सखूला. एक तुकाला. एक बाळाला. आणि सगळ्यांत मोठा चिंगीला, कारण ती सगळ्यांत मोठ्यानं रडली होती.

मनी उठली,
चूल पेटली,
पाणी तापलं,
साबण भिजला,
ब्रश घुमला,
वस्तरा चालला,
तात्यांनी गाल दिला,
दाढीनं तीळ सोडला,
ठकीच्या सात पोरांना घास मिळाला!

दाढी गेली केरात, फेस गेला मोरीत, तीळ गेला पोटात. माझी गोष्ट तुमच्या ओठात.